न आलेल्यांची वही : कोल्हापुरात प्रभागाच्या स्वयंसेवक समितीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात समिती उभी राहायला वेळ लागत नाही. टोलचा प्रश्न आला तेव्हा सर्वपक्षीय कृती समिती झाली आणि लोकांनी नेट लावून डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द करून घेतला. खंडपीठाची मागणी कितीतरी वर्षं लावून धरली, तेव्हा कुठं १८ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं. मोठ्या प्रश्नासाठी रस्त्यावर कसं उतरायचं, हे या गावाला कुणी शिकवायला नको.

प्रभागातल्या स्वयंसेवक समितीचं काम मात्र निराळं आहे. मोर्चात चालतो तो आवाज असलेला माणूस. इथं आपल्याला ज्यांचा आवाज चौकापर्यंत पोचतच नाही, त्यांच्या दारात जायचं असतं. मी या कामात आले तेव्हा पहिली दोन वर्षं बैठकीला किती लोक आले हेच मोजत राहिले. साठ आले की बैठक छान झाली असं वाटायचं. मग एकदा हजेरीपुस्तक घेऊन बसले आणि दिसलं, की साठातले पन्नास तेच ते आहेत. त्याच तीन गल्ल्यांतले, बहुतेक पुरुष, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. त्या दिवसापासून हजेरीपुस्तकाच्या जोडीला मी दुसरी वही ठेवली, न आलेल्यांची. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ती वही दाखवते.

आधी आपला अधिकार समजून घ्या

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, म्हणजे ती तरतूद आपल्याला लागू आहे. पण ती समिती कायद्यानं बनलेली. आपली समिती लोकांनी लोकांसाठी जमवलेली आहे. आपल्याकडं निधी नाही आणि आपला ठराव कुणावर बंधनकारक नाही. हे पहिल्या दिवशीच नीट कळलं की पुढची बरीच मनस्तापाची कामं वाचतात.

नवा स्वयंसेवक उत्साहात हमखास म्हणतो, "मावशी, काळजी करू नका, गटारीचं मी बघतो." असं म्हणू नका. "कुणाकडं जायचं ते विचारून गुरुवारी सांगतो," असं म्हणा आणि गुरुवारी खरोखर जा. महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत : गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट. आपली गल्ली कुणाकडं येते, आपल्या भागाचा आरोग्य निरीक्षक कोण, मुकादम कोण, पाणी सोडणारा चावीवाला कोण, हे पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या. वीज महावितरणकडं, रेशन पुरवठा विभागाकडं. या दोन तक्रारी घेऊन महापालिकेत हेलपाटे घालणारी माणसं मी अजून बघते.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ प्रशासकाचा कारभार होता. "आता सांगायचं कुणाला?" हे त्या काळात घराघरांत ऐकू यायचं. ज्यांच्या ओळखी होत्या त्यांनी वाट काढली. ज्यांच्या नव्हत्या, त्यांच्यासाठी अशी समिती लागते.

तीन वेळा पायी फिरा

बैठक बोलावण्याआधी प्रभाग चालून काढा, आणि तोही दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी.

सकाळी सहाला निघालात तर झाडू कामगार दिसतील, घंटागाडीवरची माणसं दिसतील, दूध घालणारे आणि मंडईकडं निघालेल्या भाजीवाल्या दिसतील. दुपारी दोनला घरकाम करणाऱ्या मावश्या एका घरातून दुसऱ्या घरी जाताना भेटतात. उंबऱ्यावर बसलेली, दिवसभर एकटी असणारी म्हातारी माणसंही त्याच वेळी दिसतात. रात्री नऊनंतर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतून परतणारे कामगार, एका खोलीत पाच-सहा जण राहणारी परप्रांतीय पोरं. गुजरीच्या आसपास असाल तर सोन्याचं काम करणारे बंगाली कारागीर. त्यांतले कितीतरी जण इथं वर्षानुवर्षं आहेत, आणि गल्लीतल्या एकाही बैठकीला त्यांना कुणी बोलावलेलं नाही.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढा. घरांपेक्षा त्यात अडचणी मांडा : कुठं पायऱ्या आहेत, कुठला दिवा बंद आहे, सार्वजनिक शौचालयाला कुलूप कधी असतं, नळाला पाणी सर्वांत शेवटी कुठं पोचतं. त्या फेरीत हातात फॉर्म नको आणि फोटोही नकोत. फॉर्म दिसला की लोकांना वाटतं अतिक्रमणवाले आले, नाहीतर मतं मागायला आले.

आणि चार माणसांशी आवर्जून बोला : आशा ताई, अंगणवाडी सेविका, चावीवाला आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचं पोर शाळेत जात नाही, हे या चौघांना आपल्या कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा नीट ठाऊक असतं.

वही

साधी दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर कोण आलं नाही आणि उजव्या पानावर का आलं नाही, एवढंच लिहायचं. पण हे "का" घरबसल्या अंदाजानं लिहायचं नाही. त्या घरी जाऊन, बसून, ऐकून लिहायचं.

एका मावशींना मी विचारलं होतं, तुम्ही येत का नाही? त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या मिटिंगला यायचं म्हंजे माझं एका घरचं काम बुडतंय. त्याचं पैसं कोण देणार?" आमची बैठक रविवारी सकाळी दहाला असायची. रविवारी त्यांच्या घरमालकिणीकडं पाहुणे असतात, त्या दिवशी त्यांना दुप्पट काम. हे आम्हाला दोन वर्षं सुचलं नव्हतं. दुसऱ्या एका वस्तीत एक आजोबा म्हणाले, "आलो की एकदा. मागं उभा केलासा, कुणी विचारलं न्हाई, चहा संपला म्हणून गेलो." आणि सगळ्यांत जास्त वेळा ऐकू येतं ते हे : "आमाला कोण इचारतंय?"

अशा दहा-वीस नोंदी झाल्या की कारणांचे गट आपोआप पडतात. कुणाला निरोपच पोचलेला नसतो, कुणाला वेळ जमत नाही, कुणाला जागेवर चढता येत नाही. कुणाला तिथं गेल्यावर आपला अपमान होईल अशी भीती असते. आणि काही जण आधी येऊन गेलेले असतात, त्यांच्या हाती काही लागलेलं नसतं. या प्रत्येकाला औषध वेगळं आहे. निरोप पोचला नाही तिथं निरोप बदलून भागतं. अपमानाची भीती आहे तिथं कितीही आमंत्रणं पाठवा, कुणी येणार नाही. तिथं आपणच आधी त्यांच्या घरी पाणी प्यायला हवं.

हे या गावाला नवीन नाही. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान घातलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक तयार नव्हते. शाहू महाराज स्वतः तिथं जाऊन चहा घेऊ लागले. त्यांनी गंगारामांना वाड्यावर बोलावून सत्कार केला असता तर दुकान चाललं नसतं.

वहीत एक पथ्य पाळा. जात, आजार, घरातलं भांडण, कागदपत्रं नसणं यांतलं काहीही त्या माणसाच्या परवानगीशिवाय लिहू नका. वही एकाच जबाबदार व्यक्तीकडं राहू द्या, आणि तिच्या पानांचा फोटो व्हॉट्सअॅपवर कधीच टाकू नका.

एकट्याला बसवू नका

समिती बनवताना सगळीकडं एकच चूक होते. एक महिला, एक मुस्लिम, एक दलित, एक दिव्यांग, की झाली सर्वसमावेशक समिती. मग ते एकटं माणूस प्रत्येक बैठकीत आपल्या अख्ख्या समाजाचं ओझं डोक्यावर घेऊन बसतं. चार बैठकांनंतर ते गप्प होतं आणि सहाव्याला येणं बंद होतं. म्हणून ज्या गटाचं ऐकायचं आहे त्यातले निदान दोघं-तिघं घ्या. दोघी असल्या की एक बोलते आणि दुसरी मान हलवते. त्या मान हलवण्यानं पहिलीला बळ येतं.

कायद्यानंही हे ओळखलं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं शहरातल्या पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं सांगितलं. फेरीवाल्यांचा निर्णय फेरीवाल्यांना बाजूला ठेवून होऊ नये, हा त्यामागचा विचार. तुमच्या प्रभागात भाजी मंडई असेल तर हा आकडा डोळ्यासमोर ठेवून समिती जुळवा. यल्लमाच्या देवळाच्या परिसरातले जोगती असोत, चप्पल शिवणारे कारागीर असोत की भाड्यानं राहणारे विद्यार्थी, हाच नियम लावा.

दिव्यांगांच्या बाबतीत तर कोल्हापूरकरांनी कारणं सांगूच नयेत. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसून इथं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. आपल्याला डोळ्यांना दिसतात ते त्यांतले दोन-तीनच. म्हणून "आमच्या गल्लीत कुणी दिव्यांग नाही" असं कुणी म्हणालं, की वही उघडा आणि पुन्हा फिरा.

जागा

तालीम म्हणजे कोल्हापूरचा श्वास. पुरात होड्या घेऊन धावणारी पोरं तालमीचीच असतात. बाबूजमाल तालमीत, मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की गणपती आणि पंजा एकाच मंडपात बसतात. एकत्र नांदणं काय असतं ते तिथं जाऊन बघावं. तरीही बैठक तालमीत घेऊ नका, असंच मी सांगेन. तालमीच्या दारात पंचवीस पुरुष उभे असताना तिथली सासुरवाशीण आत येऊन पाण्याबद्दल बोलणार नाही. देवळाच्या सभामंडपात काही जण येणार नाहीत, कुठल्याही एका समाजाच्या हॉलमध्ये दुसरे काही येणार नाहीत आणि कार्यकर्त्याच्या बंगल्यात तर कुणीच मोकळं बोलणार नाही.

आमच्या अनुभवात महापालिकेच्या शाळेतला तळमजल्यावरचा वर्ग सर्वांत बरा. मुख्याध्यापकांना आधी भेटा, लेखी परवानगी घ्या. दाराशी पायरी असेल तर उतार करा. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे प्रमाण सोडू नका. दोन फळ्या टाकून केलेला तीव्र उतार पायरीपेक्षा धोक्याचा असतो. शौचालय उघडं आहे ना, तिथं दिवा लागतो ना, हे आदल्या दिवशी स्वतः बघून या. आणि प्रत्येक बैठक एकाच ठिकाणी घेऊ नका. चार महिन्यांतून एकदा तरी, सर्वांत कमी लोक ज्या वस्तीतून येतात त्या वस्तीतच सतरंजी टाका.

निरोप

व्हॉट्सअॅपवरचा निरोप हा निरोप नव्हे. ज्यांच्याकडं फोन आहे त्यांना तो कळतो, आणि ते तर आधीच येतात. दारोदार जा. सोबत त्याच वस्तीतलं एक माणूस न्या. कागद द्यायचा तर अक्षरं मोठी, वाक्यं चार : काय, कुठं, कधी, किती वेळ. शेवटचं लिहायला लोक विसरतात. "दीड तासात संपेल" असं लिहिलं आणि पाळलं, की पुढच्या वेळी बायका येतात. पाठीमागं हिंदीत, आणि गरज असेल तिथं कन्नडमध्ये तोच मजकूर छापा. कर्णबधिर कुटुंब असेल तर कर्णबधिर शाळेतल्या शिक्षकांना आधी विचारून ठेवा. सांकेतिक भाषा येणारं माणूस आयत्या वेळी मिळत नाही.

स्त्रियांना जमवायचं म्हणून अनेक ठिकाणी हळदी-कुंकू ठेवतात. हेतू चांगला असतो, पण त्यानं विधवा बाई घरीच राहते. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्यानं केलं ते शहरातल्या आपल्या समितीला सहज करता येईल. "सर्व महिलांचा मेळावा" म्हणा, दारात सगळ्यांना सारखंच फूल द्या. हळदी-कुंकू म्हटलं की मनातून खचणाऱ्या किती बाया आपल्या गल्लीत आहेत, ते अशा मेळाव्यात त्या बोलायला लागल्या की कळतं.

बैठकीत

व्यासपीठ नको. खुर्च्या गोलात, सगळ्या एकाच प्रकारच्या. पाहुण्यांसाठी वेगळी गादीची खुर्ची आली की संपलं. शाल, श्रीफळ आणि सत्कारही नको. अर्धा तास त्यातच जातो आणि ज्यांचा सत्कार होत नाही त्यांना आपली जागा कळते.

पहिलं बोलणं नव्यानं आलेल्याला द्या. मात्र अंगावर येऊन "तुम्ही बोला की!" असं म्हणू नका. आधी तीन-तीन जणांना आपसात दहा मिनिटं बोलू द्या, मग प्रत्येक तिघांतला एक जण सांगेल. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं ठेवा : नळ, दिवा, गटार, बस, शौचालय. ज्वारीचे दाणे हातात देऊन कुठल्या चित्रावर किती ठेवायचे ते ठरवू द्या. एका वस्तीत आम्हाला खात्री होती की पाणी पहिलं येणार. दाणे पडले ते दिव्यावर. शौचालयाकडं जाणाऱ्या वाटेवर अंधार होता, आणि पुरुषांना त्याचा पत्ताच नव्हता.

एखादे जुने कार्यकर्ते बोलायला उभे राहिले की थांबत नाहीत. त्यांचा अपमान करू नका. "दादा, तुमचं लिहून घेतलंय, आता या ताईंचं ऐकूया," एवढं पुरतं. बैठक संपायच्या आधी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवा. आपलं म्हणणं आपल्याच शब्दांत वहीत उतरलेलं ऐकलं की माणूस पुढच्या वेळी परत येतो.

अर्ज, पोच आणि परत जाणं

अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. मागणी थोडक्यात, जागा नेमकी, शक्य तर दिव्याच्या खांबाचा क्रमांक. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत आहे आणि मुदत टळली तर अपील करता येतं. दाखल्यांच्या कामात याचा फार उपयोग होतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराची मुदत तीस दिवस. पण तो पहिलं पाऊल म्हणून टाकू नका. आधी जाऊन भेटा. कार्यालयात बसलेली माणसंही याच गावातली आहेत, आणि नीट मांडलेली अडचण त्यांना समजते.

अर्ज देईपर्यंत सगळे उत्साहात असतात. परत जाणं मात्र राहतं, आणि समित्या तिथंच मरतात. दिवा मंजूर झाला तर सांगायला जा. नाही झाला तर त्याहून लवकर जा. "साहेबांनी नाही म्हटलं, कारण हे दिलं, आता आपण असं करूया," हे ऐकल्यावर लोक रागावत नाहीत. रागावतात ते काहीच न कळल्यावर.

पुराच्या आधी

या सगळ्याचा कस पावसाळ्यात लागतो. २००५, २०१९, २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ आहे. सुतारवाड्यात पाणी आधी शिरतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात कुंभारांना घरातल्या सामानाआधी गणपतीच्या मूर्ती हलवाव्या लागतात, कारण वर्षाची कमाई त्यात असते. मूर्ती हलवायला टेम्पो आणि हात मिळाले नाहीत तर तो माणूस घर सोडत नाही. बाहेरून आलेला स्वयंसेवक त्याला हट्टी म्हणतो. वही ठेवणारा स्वयंसेवक आधी टेम्पो ठरवतो.

मे महिन्यातच यादी करा, घरोघर विचारून : कोण चालू शकत नाही, कोण गरोदर आहे, कुणाला डायलिसिसला जावं लागतं, कुणाची म्हैस आहे, कुणाला भोंग्यावरची सूचना ऐकू येत नाही. प्रत्येक नावापुढं शेजारच्या दोन माणसांची नावं लिहा, जी त्याला घेतल्याशिवाय निघणार नाहीत. एकच नाव लिहू नका, तो माणूस नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो. निवारा कुठं असेल ते विचारून ठेवा आणि तिथल्या जागेची आधी पाहणी करा : बायकांसाठी वेगळं, उजेडातलं शौचालय आहे का, पाळी आलेल्या मुलींसाठी सोय आहे का, बाळाला पाजायला आडोसा आहे का, तृतीयपंथी व्यक्तीला कुठं झोपायला सांगणार. परप्रांतीय कामगार आपण होऊन निवाऱ्यात येत नाहीत. आपल्याला तिथं घेतील का, याचीच त्यांना खात्री नसते. पाणी ३९ वर पोचायच्या आत त्यांच्या खोलीवर जा आणि त्यांच्या भाषेत सांगा.

२०१९ मध्ये शहराची पाणी उपसा केंद्रं पुराखाली गेली आणि जिथं पूर नव्हता तिथंही नळ कोरडे पडले. टँकर आला की धडधाकट माणसं पुढं जायची. टँकरच्या रांगेत कुणाच्या घागरी आधी भरायच्या, हेही मे महिन्यातच सगळ्यांसमोर ठरवून टाका. पाणी आल्यावर ते ठरत नाही.

पैसे आणि पक्ष

वर्गणी घ्याल तर पावती द्या आणि हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावा. कुठल्याही पक्षाचा फलक बैठकीत नको, मदतीच्या पाकिटावर कुणाचा फोटो नको. पक्षाचं काम करणारी माणसं समितीत जरूर असावीत, पण निवडणुकीला उभं राहायचं ठरलं की त्यांनी समितीची वही दुसऱ्याच्या हाती द्यावी. आमच्याकडं हा नियम पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

पहिला महिना

पहिल्या आठवड्यात चाला. दुसऱ्यात चौघांना भेटा. तिसऱ्यात वहीतल्या पाच घरी जा, आणि प्रत्येक घरी निदान अर्धा तास बसा. चहा दिला तर घ्या. बैठक चौथ्या आठवड्यात, तीही छोटी. बैठकीनंतर त्याच रात्री हजेरीपुस्तक आणि वही शेजारी-शेजारी उघडा. ज्या पाच घरी गेला होतात त्यांतलं कोण आलं त्यावर तारीख घाला. जे आले नाहीत त्यांच्या उजव्या पानावर जागा मोकळी ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला निघा.